एक पडतं, दोघं अडतात

नागपूरच्या मनीषनगरात राहणाऱ्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, या वस्तीचं एक दुखणं तो हमखास सांगेल: रेल्वेचं फाटक. गाडी यायची, फाटक पडायचं आणि वर्धा रोडकडे निघालेली वाहनं हॉर्न वाजवत उभी राहायची. त्यात कधीमधी रुग्णवाहिकाही अडकायची. २०२० च्या दिवाळीच्या तोंडावर, १३ नोव्हेंबरला, वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल आणि मनीषनगरचा रेल्वे उड्डाणपूल वाहतुकीला खुले झाले. वर्धा रोडवर मेट्रो त्याआधीच धावू लागली होती. ११ डिसेंबर २०२२ ला मिहानमधल्या एम्सचं लोकार्पण झालं. एवढं मोठं सरकारी रुग्णालय गाठायला आता शहर ओलांडून मेडिकल किंवा मेयो या जुन्या सरकारी रुग्णालयांपर्यंत जायलाच हवं असं राहिलं नाही.

दवाखाना जवळ आला, हे खरं. पण सत्तरी ओलांडलेल्या नवरा-बायकोच्या घरात खरी कसोटी दवाखान्यातून परत आल्यावर लागते. पडून हाड मोडलं, तर ऑपरेशन होऊन आठवड्याभरात सुट्टी मिळते. पुढचे तीन-चार महिने मात्र पलंग, बाथरूम आणि स्वयंपाकघर एवढ्यातच काढायचे असतात. आणि आजाऱ्याचं करायला घरात असतं कोण? ज्याचा स्वतःचा गुडघा दुखतो, ज्याला बीपीची गोळी चालू आहे, ज्याला रात्री दोनदा उठावं लागतं, असा दुसरा थकलेला जीव.

अशी घरं आता थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण ९.९ टक्के होतं, देशाचं ८.६ टक्के. २०१७-१८ मध्ये ज्येष्ठांची ‘लासी’ नावाची देशव्यापी पाहणी झाली. साठीपुढच्या पाच जणांपैकी साधारण एक जण मुलांशिवाय, बहुतेक वेळा फक्त जोडीदारासोबत राहतो, असं तिच्यात दिसलं. बेसा रोड, बेलतरोडी, सोमलवाडा, मनीषनगर या पट्ट्यात बँका, वीज मंडळ, रेल्वे, वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्या अनेकांनी फ्लॅट घेतले. मुलं पुण्याला, बंगलोरला, नाहीतर अमेरिकेला. रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो आणि कॅमेऱ्यासमोर दोघंही ‘ठीक आहे’ म्हणतात.

पहाटे पाचची वेळ

चित्र साधारण असं असतं. काकू पहाटे उठून अंधारातच बाथरूमकडे जातात. दिवा लावला तर ‘ह्यांची’ झोप मोडेल म्हणून लावत नाहीत. फरशी ओली असते. पाय सरकतो, आधाराला म्हणून टॉवेलची दांडी धरली जाते आणि ती दांडी भिंतीतून उखडून हातात येते. “अहो, मी पडली!” काका धावत येतात आणि जे कुणीही करेल तेच करतात: काखेत हात घालून ओढायला लागतात. शेजारचा मुलगा येऊन ओरडतो, “काका, ओढून नका राहू, काकूंना लागेल!”

त्या मुलाचंच बरोबर असतं. पडलेल्या माणसाला लगेच उभं करायचं नसतं. आधी पाय पाहायचे. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड वाटतो आहे, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं आहे आणि जांघेत असह्य कळ येते आहे, ही खुब्याचं हाड मोडल्याची ठळक लक्षणं आहेत. अशा वेळी पायाला उशीचा आधार द्यावा, अंगावर पांघरूण घालावं आणि १०८ ला फोन करावा. तेल लावून चोळू नये. ऑपरेशन लवकर ठरण्याची शक्यता असते, म्हणून चहा-पाणीही देऊ नये. डोकं आपटलं असेल आणि माणसाला रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तो चांगला बोलत असला तरी त्याला दाखवून आणलंच पाहिजे. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनीही डोकं वर काढतो.

यातलं काहीच नसेल, तरी ओढणं नकोच. पडलेल्या माणसाला कुशीवर वळू द्यावं, मग ओणवं होऊ द्यावं. त्याच्यासमोर भक्कम खुर्ची ठेवावी. तिच्यावर दोन्ही हात टेकून, चांगला पाय पुढे घेऊन तो स्वतःच्या बळावर उठतो. जोडीदाराचं काम खुर्ची घट्ट धरून ठेवण्याचं. सत्तर वर्षांच्या माणसाने साठ किलोचा देह उचलायला जाणं म्हणजे घरात दुसरा रुग्ण तयार करणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार ६५ वर्षांपुढच्या माणसांपैकी २८ ते ३५ टक्के दर वर्षी एकदा तरी पडतात. सत्तरीनंतर हेच प्रमाण ३२ ते ४२ टक्क्यांवर जातं. पडण्यामागे एकच कारण क्वचित असतं. झोपेतून ताडकन उठलं की म्हातारपणी रक्तदाब एकदम उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीच्या, झोपेच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. मोतीबिंदू पिकलेला असतो. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली बघताना पायरीची कड धूसर दिसते.

नागपुरात या यादीला एक खास वैदर्भी कारण जोडावं लागतं: कूलर. मार्च सरला की घरोघर कूलर बसतात. बादलीने पाणी भरताना ते सांडतं, टाकीची तोटी ठिबकते, वाळ्याच्या ताट्यांतून थेंब गळतात. मोटरची वायर खोलीच्या मधून एक्सटेंशन बोर्डापर्यंत गेलेली असते. रात्री उठणाऱ्या माणसाच्या वाटेत ओली फरशी आणि वायर, दोन्ही एकाच रेषेत येतात. कूलर हलवता येत नसेल तर वायर भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने बसवावी आणि पाणी दिवसाउजेडी, आजारी नसलेल्या माणसाने भरावं.

बाथरूमच्या दुरुस्तीला फार खर्च लागत नाही. कमोडच्या शेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के स्क्रू मारून बसवलेले स्टीलचे दांडे हवेत. टॉवेलची दांडी आधाराची नव्हे, ती वजन पेलत नाही. खाली रबरी जाळीची चटई, अंघोळीला प्लास्टिकची उंच खुर्ची, कमोड बुटका असेल तर त्यावर उंच बैठक आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर जळणारा बारका दिवा एवढं पुरे. कडी आतून लावायची नाही, हे मात्र दोघांत ठरवून टाकावं.

हाड जुळेपर्यंत

खुब्याचं हाड प्लास्टरने जुळायची वाट पाहत माणसाला महिनोन्‌महिने झोपवून ठेवणं धोक्याचं असतं. शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं असं डॉक्टर म्हणतात. हाड कुठे मोडलं त्यावर रॉड आणि स्क्रू घालायचे की सांध्याचा गोळा बदलायचा, ते ठरतं. वृद्धांच्या या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण पाचातला एक रुग्ण दगावतो, असं जगभरातल्या अभ्यासांत दिसतं. जीव जातो तो बहुधा पडून राहिल्यामुळे होणाऱ्या गोष्टींनी: न्यूमोनिया, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, लघवीचा संसर्ग, पाठीच्या जखमा. म्हणूनच ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट येऊन उभं करतो. घरचे घाबरतात, “इतक्या लवकर?” पण तेच औषध असतं.

ऑपरेशननंतरच्या रात्री आणखी एक प्रसंग अनेक काका-काकूंच्या वाट्याला येतो, आणि त्याबद्दल आधी कुणी सांगितलेलं नसतं. काकू अचानक काकांना ओळखत नाहीत. “मला घरी न्या, दूधवाला येऊन उभा असेल,” म्हणतात, सलाईनची नळी ओढतात. काकांच्या पायाखालची जमीन सरकते. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. भूल, वेदना, संसर्ग, शरीरातलं सोडियम उतरणं, बद्धकोष्ठ, झोपमोड, अशा कशानेही ते होतं. कारण सापडलं की बहुतेक वेळा काही दिवसांत माणूस ताळ्यावर येतो. तोवर चष्मा आणि कानाचं मशीन लावून द्यावं, दिवसा खिडकी उघडी ठेवावी आणि ओळखीच्या आवाजाने हळू बोलत राहावं. वाद घालू नये.

घरी आल्यावर नियम साधे असतात, पण मोडायला फार सोपे. वॉकर घेऊन चालताना आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुढे काठी आली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण नेमकी उलटी धरतात. सांधा बदलला असेल तर डॉक्टर मोकळीक देईपर्यंत मांडी घालायची नाही, पाटावर बसायचं नाही, खाली वाकून पडलेली वस्तू उचलायची नाही आणि भारतीय पद्धतीच्या संडासात बसायचं नाही. देवपूजेची सवय सुटत नसते. मग देव्हाराच ओट्याच्या उंचीवर न्यायचा आणि खुर्चीत बसून पूजा करायची.

एक गोष्ट सुट्टीच्या कागदावर बरेचदा राहून जाते. साधं घरात पडून हाड मोडलं, याचा अर्थ हाडं ठिसूळ झाली आहेत, आणि एक मोडलं की दुसरं मोडण्याचा धोका वाढतो. त्यावर औषध आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये नवी फ्रॅक्चर तर कमी झालीच, शिवाय मृत्यूही २८ टक्क्यांनी कमी आढळले. किडनी आणि कॅल्शियम तपासूनच ते देतात. टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना हे आवर्जून विचारावं.

दुसऱ्याचं कोण बघतं?

पाहुणे येतात, पलंगाशेजारी बसतात, काकूंची चौकशी करतात. काका चहा टाकतात. काकांना कुणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचे रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या वृद्धांकडे त्यांनी चार वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. सेवा करूनही ज्यांना ताण नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. म्हणजे घात सेवेने होत नाही. रात्रीची झोप मोडणं, स्वतःची तपासणी लांबणीवर टाकणं, जेवणाची आबाळ, एकट्याने वाहिलेलं ओझं हे सगळं मिळून माणसाला पोखरतं.

निकोलस क्रिस्ताकिस आणि पॉल ॲलिसन यांनी २००६ मध्ये ५ लाख १८ हजारांहून अधिक वृद्ध जोडप्यांच्या नोंदी तपासल्या. एक जोडीदार रुग्णालयात दाखल झाला की दुसऱ्याच्या मृत्यूचा धोकाही वाढतो, पण सगळ्या आजारांत सारखा नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये तो फारसा वाढलेला दिसला नाही. स्मृतिभ्रंश आणि खुब्याचं फ्रॅक्चर यांत मात्र स्पष्ट वाढला. जीव घेण्याच्या बाबतीत कॅन्सर थोरला असेल, पण जोडीदाराला रोज उचलायला, धुवायला, रात्री जागवायला लावणारी दुखणी ही आहेत. दोघांच्या घरात दुखणं एकाचं नसतंच. सुट्टीच्या कागदावर एक नाव असलं तरी उपचारांचा आराखडा दोघांचा हवा, आणि डॉक्टरांनी दुसऱ्याचंही बीपी तिथल्या तिथे मोजायला हवं.

सेवा करणाऱ्याची कंबर वाचवण्याच्या काही युक्त्या नर्सेस सहज शिकवतात, विचारलं तर. आजाऱ्याला पलंगावर वर सरकवायचं असेल तर हाताने ओढायचं नाही. त्याच्या पाठीखाली आडवी चादर घालायची आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवायचं. उभं करताना त्याच्या कंबरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा, दंड नाही. स्वतःचे गुडघे वाकवायचे, पाठ ताठ ठेवायची. व्हीलचेअरचा ब्रेक आधी लावायचा. पलंगाची उंची उचलणाऱ्याच्या सोयीची हवी. वर-खाली होणारा हॉस्पिटलचा पलंग आणि हवेची गादी नागपुरात भाड्यानेही मिळते.

पाठीच्या जखमा टाळायला दर दोन तासांनी कूस बदलायची असते. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज उजेडात बघायचे. दाबलं तरी न जाणारा लाल डाग ही पहिली खूण. रात्रभर दर दोन तासांनी काका कसे उठणार? तिथेच आयाबाई किंवा ब्रदरची गरज लागते. बारा तासांची पाळी परवडत असेल तर ती रात्रीची ठेवावी, म्हणजे घरचा माणूस झोपू शकतो. अनेक घरं नेमकी दिवसाची ठेवतात.

त्यांचं त्यांनाच ठाऊक

चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात कामं वाटली गेलेली असतात, आणि कामांबरोबर माहितीही. काकू पडल्या की स्वयंपाकघर मुकं होतं. तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या, भाताला किती पाणी, हिंग कुठल्या डब्यात, गॅसचा नंबर कुणाच्या मोबाइलवर, हे काकांना ठाऊक नसतं. काका आडवे झाले की बँक मुकी होते. पेन्शन कुठल्या खात्यात, विम्याचा हप्ता कधी, लॉकरची चावी कुठे आणि ओटीपी येणारा फोन उघडायचा कसा, हे काकूंना ठाऊक नसतं.

यातलं बँकेचं कोडं थोडं सुटलेलं आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये ७० वर्षांपुढच्या आणि अपंग किंवा दुर्धर आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्यायला बँकांना सांगितलं. पेन्शनरांचा हयातीचा दाखला चेहरा ओळखणाऱ्या मोबाइल ॲपवरून घरबसल्या देता येतो, आणि पोस्टमनही घरी येऊन तो करून देतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांपुढच्या पेन्शनरांना तो नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबरपासून देता येतो. तरी खातं दोघांच्या नावाने आणि कुणाही एकाला व्यवहार करता येईल असं असणं, हे कुठल्याही योजनेपेक्षा उपयोगी पडतं.

स्वयंपाकघराचं कोडं दोघांनी मिळून सोडवायचं असतं. धडधाकट असतानाच आठवड्यातून एक दिवस काकांनी वरण-भात लावायचा आणि एक दिवस काकूंनी बँकेचं काम करायचं. आधी चिडचिड होते. “तुमच्याच्याने काही होत नाही,” हे वाक्यही ऐकावं लागतं.

आनंदवनातलं जोडपं

दुखणाइत जोडीदाराबरोबर काढलेल्या दीर्घ संसाराचं विदर्भातलं सगळ्यांत ठाऊक असलेलं उदाहरण वरोऱ्याच्या आनंदवनात आहे. बाबा आमटे आणि साधनाताई यांचं लग्न १९४६ साली झालं. साधनाताई नागपूरच्या घुले घराण्यातल्या. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी राहिली. पुढे बाबांच्या मणक्याने दगा दिला. शेवटची कित्येक वर्षं त्यांना बसताच येत नव्हतं. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. जेवण, लिहिणं-वाचणं, माणसांना भेटणं, प्रवास, सगळं या दोन अवस्थांत. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघालेल्या ‘भारत जोडो’ यात्रेत ते गाडीतल्या बिछान्यावर आडवे पडून फिरले. १९९० मध्ये पंचाहत्तरी उलटलेले बाबा आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा साधनाताईही बरोबर होत्या. मणका तोच होता, आणि मदतीची माणसं आनंदवनापेक्षा कितीतरी कमी.

बाबांना ल्युकेमिया झाला आणि ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात ते गेले. त्यांच्या मागे साधनाताई तीन वर्षांहून अधिक जगल्या. त्याही कॅन्सरने, ९ जुलै २०११ रोजी गेल्या. त्यांचं आत्मकथन ‘समिधा’ मराठी वाचकांना परिचित आहे.

या जोडप्याकडे आपण त्याग आणि निष्ठेच्या चष्म्यातून बघतो. मनीषनगरच्या फ्लॅटमधून बघताना दुसरीही एक बाजू दिसते. बाबांचं दुखणं साधनाताईंनी चार भिंतींत एकटीने काढलं नाही. आनंदवनात डॉक्टर झालेली मुलं-सुना होत्या, दवाखाना अंगणात होता आणि भोवती शेकडो माणसांचं गाव होतं. उठवायला, आडवं करायला, डबा आणायला, रात्री जागायला हात होते. त्यांच्या निष्ठेला जे गाव मिळालं, ते दोन बेडरूमच्या घराला मिळत नाही, आणि त्याची भरपाई पैशाने पूर्ण होत नाही.

गोळ्यांचा डबा आणि वैशाखाचं ऊन

एका घरात दोन माणसांच्या मिळून दहा-बारा गोळ्या सहज असतात. हाडांचे, हृदयाचे आणि शुगरचे डॉक्टर वेगवेगळे. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा चालू असल्याची उदाहरणं फॅमिली डॉक्टरांना नेहमी दिसतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण काम करतो. दोघांच्या गोळ्यांचे डबे दोन रंगांचे असावेत. दर महिन्याला सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ओताव्यात. कुठली कशासाठी, याची मोठ्या अक्षरातली मराठी यादी फ्रिजवर लावावी. १०८ ची गाडी आली की आधी हीच यादी मागितली जाते.

एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हा या गोळ्या वेगळ्या वागतात. लघवी वाढवणारी बीपीची गोळी, भरपूर घाम, मंदावलेली तहान आणि वर डॉक्टरांनी कधीकाळी सांगितलेलं ‘मीठ बंद’ एकत्र आलं की रक्तातलं सोडियम घसरू शकतं. माणूस गळून जातो, तोल जातो, काहीबाही बोलू लागतो. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. खरं तर एका रक्ततपासणीत ते कळतं. उन्हाळ्याच्या आधी डॉक्टरांकडून गोळ्यांचं प्रमाण तपासून घ्यावं. मनाने बंद करू नये.

तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं जड होणं यांत मात्र वाट बघायचीच नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. ‘मुलाला विचारून सांगतो’ यात त्यातला तास सहज जातो.

सरकार, शेजार आणि दूरचे देश

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असले तर ही रक्कम दोघांत मिळून आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या, वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. पण आयुष्मान कार्ड भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. रात्रपाळीची आया, घरी येणारा फिजिओ, भाड्याचा पलंग हा पुढच्या महिन्यांचा खर्च घरच्याच खिशातून जातो.

जपानने २००० साली दीर्घकालीन सेवेचा सक्तीचा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येक जण हप्ता भरतो आणि गरज पडली की घरी मदतनीस, अंघोळीची सोय, दिवसाचं केंद्र मिळतं. तरीही तिथे घरी सेवा होते अशा कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी सेवा करणारा आणि करून घेणारा दोघंही ६५ च्या पुढचे आहेत. केरळने दुसरी वाट काढली. कोझिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू केलं. पुढे गल्लीतले स्वयंसेवक, नर्सेस आणि पंचायती त्यात आल्या, आणि २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरणच केलं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नर्स ठरल्या दिवशी येते आणि घरच्यांना जखम धुवायलाही शिकवते.

मदतीची सोय नसली की भीती कुठवर नेते, याचं उदाहरण महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१८ च्या सुरुवातीला दक्षिण मुंबईतल्या एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींकडे दयामरण मागितल्याची बातमी गाजली. दोघांनाही गंभीर आजार नव्हता. पुढे परावलंबी व्हावं लागेल, ही धास्ती होती. त्याच वर्षी ९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने अखेरच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. आता ते नोटरीपुढेही करता येतं. कृत्रिम श्वास लावायचा की नाही, हे दोघांनी शांत डोक्याने लिहून ठेवलं तर मध्यरात्री आयसीयूच्या दारात एकट्या काकूंना ते ठरवावं लागत नाही. आणि मन खचलंच, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी ८ ते रात्री ८ अशी आहे.

रात्री ८ नंतर मात्र शेजारच उरतो. घराची एक किल्ली समोरच्या फ्लॅटमध्ये असावी. सकाळी ठरल्या वेळी दार उघडलं नाही तर कुणी बेल वाजवायची, हे नक्की असावं. मुलांचे आणि डॉक्टरांचे नंबर सोसायटीच्या सचिवाकडे असावेत. मनीषनगरातल्या ज्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, तिथे तिसऱ्या मजल्यावरून माणूस खाली आणायचा कसा, याची रंगीत तालीम एकदा तरी व्हायला हवी. सहकारी सोसायट्यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. विषयपत्रिकेत पार्किंग आणि पाण्याची टाकी या विषयांच्या खाली आणखी तीन ओळी सहज बसतील: जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा, प्रवेशदाराशी उतार आणि तळमजल्यावर सगळ्यांसाठी एक घडीची व्हीलचेअर.